मशीनला देणारे भरपूर, मशीन चालवायला देणारं कोणी नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कुठल्या तरी माजी विद्यार्थ्याने आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजला इतके कोटी दिले अशी बातमी तुमच्याकडे छापून आली की ती आमच्या बॅचच्या ग्रुपवर लगेच येते. मग टाळ्यांचे इमोजी, मग कोणीतरी लिहितं "आपण पण काहीतरी केलं पाहिजे यार", त्याला पंधरा-वीस अंगठे, तेवढ्यात कोणाचा तरी वाढदिवस निघतो आणि विषय तिथेच संपतो. सगळ्याच बॅचचं थोड्याफार फरकाने असंच असणार. म्हटलं ग्रुपवर लिहून काही होत नाही, पेपरला लिहू.

आधीच सांगते, देणाऱ्यांवर टीका करायची नाहीये. ज्यांनी कमावलं आणि परत दिलं त्यांना नमस्कारच आहे. पण कॉलेजशी संबंध टिकवून असल्यामुळे एक गोष्ट सारखी डोळ्यात येते, ती अशी की आपण माजी विद्यार्थी जे काही देतो ते बहुतेक वेळा वस्तूला देतो. इमारत, हॉल, मशीन, लॅबच्या दारावरची पाटी. ती वस्तू पुढची दहा-पंधरा वर्षं चालवायची कोणी आणि कशाच्या जोरावर, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कोणी विचारत नाही, आणि नंतर विचारायला कोणी तिथे नसतं.

उदाहरण म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधला ऑसिलोस्कोप घ्या, म्हणजे सर्किटमधला सिग्नल स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. स्कोप तसा दणकट असतो, नीट वापरला तर पंधरा वर्षं कुठे जात नाही. पण त्याचा प्रोब, म्हणजे सर्किटला लावायची खास वायर, एका सेमिस्टरमध्ये मरतो. मुलं टोकाचा हुक ओढतात, ग्राउंडची क्लिप तुटते, वायर मुळातून सैल होते. समजा दहा स्कोप आहेत आणि धड प्रोब चार, तर बाकीची मुलं साध्या वायरी खोचून काम भागवतात, आणि मग स्क्रीनवर नॉईज दिसला की तो आपल्या सर्किटचा आहे का त्या लोंबणाऱ्या वायरचा हे ना मुलाला कळतं ना शिकवणाऱ्याला. जर्नलमध्ये मात्र आकृती छान येते, कारण ती मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेली असते. आता स्कोप द्यायला दाता मिळतो, प्रोब द्यायला मिळत नाही. प्रोबवर कोणाच्या वडिलांचं नाव घालणार?

मेकॅनिकल आणि सिव्हिलचं वेगळं काही नाही. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर सळई लावतात, ती ओढतात, ती तुटते, आवाज होतो, मुलं खूश होतात आणि आकडा लिहून घेतात. त्या मशीनच्या लोड सेलचं, म्हणजे जोर मोजणाऱ्या भागाचं, कॅलिब्रेशन (तो बरोबर मोजतो का याची तपासणी) शेवटचं कधी झालं ते स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते एकदा वाचून बघा. तारीख उलटून गेलेली असली तर तो आकडा खरा असेलही, नसेलही, पण आपण त्याच्यावर दशांशानंतर तीन घरं लिहून मार्क देतो घेतो. कॉम्प्युटरच्या सूचनांवर धातू कापणारं सीएनसी मशीन कोणीतरी मोठ्या मनाने दिलेलं असतं, पण इन्सर्ट (कापायची पाती) संपलेत, कूलंट बदललेलं नाही, आणि ते चालवणारा जो एक टेक्निशियन होता तो रिटायर झाला, त्याची जागा भरलीच नाही. मशीनवर कव्हर चढतं. तपासणीला कोणी आलं की कव्हर निघतं, ते गेले की परत चढतं.

असं का होतं तर त्याची कारणं दोन्हीकडे आहेत. देणाऱ्याला एकदाच द्यायचं असतं आणि दिसेल असं द्यायचं असतं, त्यात काही पाप नाही, माणसाचा स्वभाव आहे. कॉलेजला "नको" म्हणता येत नाही. समोर कोणी मशीन घेऊन उभा आहे आणि तुम्ही म्हणताय की मशीन नको, टेक्निशियनचा तीन वर्षांचा पगार द्या? एवढी हिंमत फार कमी डीनकडे असते. त्यातून कंपन्यांचा जुना माल येतो तो वेगळाच प्रकार. कंपनीत नवीन लाइन लागली की जुनं मशीन कॉलेजला दान. स्पेअर मिळत नाहीत, सॉफ्टवेअर चालू करायला लागणारा डोंगल हरवलेला, मॅन्युअल कोणाच्या तरी कपाटात राहिलं, पण डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद झाली म्हणजे ते टाकताही येत नाही. जागा अडवून बसतं. असलं दान घेताना कॉलेजने सरळ विचारावं की हे चालू करून देणार का आणि वर्षभर याच्याकडे बघायला तुमचा माणूस येणार का. नसेल येणार तर भंगारवाल्याचा नंबर त्यांच्याकडेही असतोच की.

आता मोठ्या देणग्यांचं बघू, म्हणजे मी एकांगी बोलतेय असं वाटायला नको. नंदन नीलेकणी यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, त्याआधीचे ८५ कोटी धरले तर एकूण ४०० कोटी होतात, निमित्त होतं संस्थेशी नातं जुळून पन्नास वर्षं झाल्याचं. २०२४ मध्ये कृष्णा चिवुकुला यांनी आयआयटी मद्रासला २२८ कोटी दिले. हे आकडे वाचून आपण गार होतो आणि तिथेच थांबतो, कारण वाटतं की हे आपलं काम नाही, आपण कुठे एवढे मोठे. मला त्यापेक्षा आयआयटी मुंबईच्याच १९९८ च्या बॅचची गोष्ट जास्त कामाची वाटते, पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळ्यांनी मिळून ५७ कोटी देण्याचं ठरवलं. ती पण मोठीच रक्कम आहे, मान्य, पण ती एका खिशातून आली नाही. आणि अशी बॅचची वर्गणी ज्याने कोणी कधी गोळा केलीय त्याला माहीत असतं की आकड्याच्या मागे फोन असतात. कोण कुठे आहे शोधा, ज्याच्याशी हॉस्टेलमध्ये भांडण झालं होतं त्यालाही फोन करा, तो म्हणणार बघतो, मग परत करा. हे काम करणारा माणूस एक पैसा न देता सुद्धा सगळ्यात मोठा दाता असतो असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये या माणसाला क्लास एजंट म्हणतात आणि तो स्वयंसेवकच असतो, पगारी नाही. आपल्याकडे त्याला "काय रे, परत पैसे मागायला आलास" म्हणतात.

आणखी एक उदाहरण सांगते. अमेरिकेतले अब्जाधीश उद्योजक मायकल ब्लूमबर्ग तिथल्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीतून १९६४ साली बाहेर पडले, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकून. पुढच्याच वर्षी त्यांनी युनिव्हर्सिटीला पहिली देणगी दिली ती पाच डॉलरची. पाच! २०१८ मध्ये त्यांनीच १.८ अब्ज डॉलर दिले, आणि ते कुठल्या इमारतीला न देता गरजू मुलांच्या फीच्या मदतीसाठी दिले, जेणेकरून ॲडमिशन देताना मुलाच्या घरची परिस्थिती बघावीच लागू नये. आता प्रत्येक पाच डॉलरवाल्याचा ब्लूमबर्ग होत नाही हे मलाही कळतं, पण मला त्यातली पाच डॉलरची पावतीच महत्त्वाची वाटते. कोणीतरी त्या पोराकडून ते पाच डॉलर घेतले, नोंद ठेवली, आभार मानले असतील, "एवढेसे कशाला" असं म्हणून हसलं नाही. आपल्याकडे नुकतीच नोकरी लागलेल्या पोराने पाचशे रुपये द्यायचे म्हटले तर द्यायचे कुठे? वेबसाइटवर लिंक असते ती उघडत नाही, उघडली तर रक्कम मोठी मागते, नाहीतर मग फॉर्म डाऊनलोड करा, भरा, सही करा आणि चेकसोबत पाठवा. चेकबुक आहे कोणाकडे आता?

थोडा हिशोब मांडते, इंजिनिअर लोकांना हिशोब पटतो. एंडोमेंट म्हणजे मूळ रक्कम गुंतवून ठेवायची, तिला हात लावायचा नाही, आणि दर वर्षी तिच्या साधारण चार ते पाच टक्के एवढंच खर्चायचं, म्हणजे महागाई धरूनही ती पुरत राहते, मोठ्या युनिव्हर्सिट्या साधारण याच अंगाने जातात. या हिशोबाने लॅबला दर वर्षी एक लाख रुपये कायम मिळत राहावेत असं वाटत असेल तर वीस ते पंचवीस लाख बाजूला पडायला हवेत. ते देणारा एक माणूस शोधायला कॉलेजला वर्षं लागतात. पण पाचशे जणांनी वर्षाला दोनशे रुपये दिले तर तोच एक लाख झाला. पाचशे जण म्हणजे पाच-सहा बॅचेस, त्यातलेही सगळे नाही. म्हणजे छोटी पण दर वर्षी येणारी देणगी ही वीस-पंचवीस लाखांच्या ठेवीच्या तोडीची असते, फक्त तिचा फोटो निघत नाही.

आणि ती मोकळी हवी. म्हणजे "अमुकच कामाला" अशी अट न घालता दिलेली. अट घातलेली देणगी कॉलेजला दुसरीकडे वापरता येत नाही, बरोबरच आहे ते, नाहीतर विश्वास कसा राहणार, पण मग होतं काय की बक्षिसांचे पैसे पडून राहतात आणि फ्यूज आणायला पैसे नसतात. एखाद्या विषयात पहिलं येणाऱ्याला मेडल, त्याचा वेगळा फंड, दुसऱ्या विषयाचा वेगळा, वर्षानुवर्षं साचलेलं. माझं म्हणणं असं की ज्याला मशीन द्यायचंय त्याने जरूर द्यावं, नाव पण लावावं, मात्र मशीनच्या किमतीसोबत पाच वर्षांच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) आणि कन्झ्युमेबल्सचे (वापरून संपणाऱ्या वस्तूंचे) पैसे त्याच दिवशी द्यावेत. त्याला मशीन थोडं लहान घ्यावं लागलं तरी चालेल. चालू असलेलं लहान लेथ बंद पडलेल्या मोठ्या सीएनसीपेक्षा मुलांना जास्त शिकवतं.

आता विश्वासाचं. लोक देत नाहीत याचं मोठं कारण कंजूषपणा असं मला वाटत नाही. दिलेल्याचं पुढे काय झालं हे कळत नाही, हे आहे. पावती येते, कधीकधी तीही मागून घ्यावी लागते, आणि नंतर थेट पुढच्या मागणीचा मेल. मधल्या काळात एक साधं पान पाठवा ना की तुमच्या पैशातून हे घेतलं, इतकं उरलं, हे जमलं नाही. जमलं नाही हे सांगितलं तर उलट लोक जास्त देतील. आणि माजी विद्यार्थी संघटना म्हणजे दर वर्षी गेट-टुगेदर, जेवण आणि स्टेजवर त्याच चार जणांचा सत्कार, असं जिथे झालंय तिथे नवीन बॅचची पोरं फिरकत नाहीत आणि त्यांचं चुकत नाही.

कॉलेजकडून आम्हाला फोन कधी येतो सांगू का? ॲक्रेडिटेशनचं, म्हणजे कोर्सच्या मान्यतेच्या तपासणीचं, वर्ष आलं की. एरवी आपण जिवंत आहोत का हेही माहीत नसतं, पण त्या वर्षी एकदम गोड आवाजात फोन, मॅडम एक फॉर्म पाठवलाय, अलम्नाय फीडबॅक, आज संध्याकाळपर्यंत भरून द्या, आणि सगळीकडे पाच पैकी पाच टिक केलं तर बरं होईल. आता या फॉर्मचा मूळ हेतू फार चांगला आहे. इंजिनिअरिंगच्या कोर्सने स्वतःला विचारायचं असतं की आमची मुलं बाहेर पडून चार-पाच वर्षांनी काय करतायत, त्यांना काय कमी पडलं, आणि त्यावरून अभ्यासक्रम सुधारायचा. म्हणजे माजी विद्यार्थ्याचं मत हे त्या सगळ्या यंत्रणेतलं इनपुट आहे, आणि आपण ते संध्याकाळपर्यंत पाच पैकी पाच करून टाकतो. मी मागे एका फॉर्ममध्ये खरं लिहिलं होतं, की आम्हाला टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) शिकवले ते परीक्षेपुरते, ड्रॉइंग वाचता येत होतं पण बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर धरता येत नव्हता, ते कामावर लागल्यावर ऑपरेटरने शिकवलं. त्याला काही उत्तर आलं नाही.

यावरून वेळेच्या देणगीकडे येते, कारण माझ्या मते ती पैशाच्या आधी यायला हवी. ज्याला कॉलेजने आधी काम सांगितलं, जो दोन-चार वेळा लॅबमध्ये येऊन गेला, त्याला प्रोब तुटलेत हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, त्याच्याकडे मागावं लागत नाही. मागण्याची पद्धत उलटी झालीय, आधी पैसे मागायचे आणि नाही मिळाले तर "मग निदान एक गेस्ट लेक्चर द्या".

गेस्ट लेक्चरबद्दल माझं मत फार वाईट आहे, रागावू नका कोणी. आमच्यातला कोणीतरी मोठ्या पोस्टवरचा येतो, पहिल्या पंधरा स्लाइड कंपनीच्या, मग स्वतःचा प्रवास, मग "आमच्या वेळी इंटरनेट नव्हतं", मग स्वप्नं मोठी बघा, फोटो, बुके, चहा, गाडी. मुलं हजेरीसाठी बसलेली असतात. दोन तासात त्यांना एकही गोष्ट मिळत नाही जी उद्या सकाळी वापरता येईल. त्यापेक्षा फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिव्ह्यूला बसा, शांतपणे, मागच्या बाकावर.

मी बसते अधूनमधून. एका ग्रुपने छोटा कन्व्हेयर केला होता, खोकी रंगाप्रमाणे वेगळी करणारा, दिसायला छान. मी विचारलं हीच मोटर का घेतली? पोरगा म्हणाला, "मॅडम, हीच मिळाली." बाकीचे हसले, त्यांच्या सरांचा चेहरा पडला. मला मात्र ते उत्तर आवडलं, कारण ते खरं होतं, आणि कामाच्या ठिकाणी अर्ध्या मोटरी अशाच ठरतात. म्हटलं ठीक आहे, मिळाली ती घेतली, पण ती पुरते का हे बघितलंस का? नाही बघितलं. मग तिथेच कागद घेतला, खोक्याचं वजन किती, एका वेळी बेल्टवर किती खोकी, घर्षण अंदाजे धरू, रोलरची त्रिज्या मोजून आण. गुणाकार केला तर मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, दोन खोक्यांना कसाबसा पुरत होता, तिसरं आलं की संपलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तिसरं खोकं ठेवलं की बेल्ट अडकायचा आणि ते दोन आठवडे कोडमध्ये बग शोधत होते. त्या दोन ओळींच्या गणिताला कुठलीही मोठी पोस्ट लागत नाही, मला येतं ते कामावर रोज करते म्हणून येतं, आणि त्यांच्या सरांना येत नाही असंही नाही, पण सरांकडे असे पंधरा ग्रुप, वर लेक्चर्स, वर फाइली.

फॉर्म्युला एसएई ही मुलांनी रेसिंग गाडी बनवायची स्पर्धा १९८१ पासून चाललीय, ती आता बऱ्याच देशांत होते. तिथे गाडी नुसती पळवून भागत नाही. १००० पैकी १५० गुण डिझाइनचे असतात आणि त्यासाठी उद्योगातले इंजिनिअर जज म्हणून येतात, स्वतःची सुट्टी टाकून, बिनपगारी, आणि मुलांना तेच विचारतात, हे असंच का केलं. उत्तर मिळेपर्यंत सोडत नाहीत. अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या कोर्सना मान्यता देणारी एबीईटी ही संस्था सुद्धा तपासणीला जे लोक पाठवते ते स्वयंसेवक असतात, काही प्राध्यापक, काही इंडस्ट्रीतले. म्हणजे एवढी मोठी व्यवस्था लोकांच्या फुकट दिलेल्या तासांवर उभी राहू शकते, फक्त त्या तासांना कोणीतरी नीट जागा करून दिलेली असते.

कारण स्वयंसेवक फुकट नसतो हो. हे आपण विसरतो. मी यायचं म्हटलं की कोणा प्राध्यापकाला टाइमटेबल बघावं लागतं, गेटवर सांगून ठेवावं लागतं, मुलं गोळा करावी लागतात, आणि मी आयत्या वेळी "मीटिंग आली, सॉरी" म्हटलं की त्याचा सगळा दुपारचा वेळ गेला आणि मुलांसमोर तोंडघशी तोच पडला. असं दोनदा झालं की तो पुन्हा कोणाला बोलावत नाही. म्हणून द्यायचं तर थोडं पण नक्की द्या. अख्खं सेमिस्टर, ठरलेल्या वारी, दोन तास, ऑनलाइन असलं तरी चालेल. मेंटर म्हणून नाव लावून तीन मुलं घ्यायची आणि नंतर त्यांच्या मेसेजवर निळी टिक सुद्धा द्यायची नाही, यापेक्षा नाव न लावलेलं बरं. मुलं फार लवकर ओळखतात कोण खरं येणारं आहे. आणि कॉलेजने एक माणूस, खरंच एकच, या कामाला ठेवावा, ज्याच्याकडे यादी असेल की कोण काय करू शकतो आणि कुठल्या विभागाला काय हवंय. प्लेसमेंटवाल्या सरांच्या गळ्यात हेही घालू नका, ते आधीच बुडालेत.

या यादीत कोण असावं याबद्दलही बोलायचंय. कॉलेजच्या यादीत फक्त सीईओ, व्हाइस प्रेसिडेंट आणि परदेशातले असतात. आमच्या बॅचचा एक जण बॉयलरच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य काढतोय, त्याला कधी कोणी बोलावलं नाही, आणि तो स्वतःहून येतही नाही, म्हणतो मी काय सांगणार, माझं पॅकेज ऐकून पोरं हसतील. त्याला व्हॉल्व्हच्या आवाजावरून कळतं काय बिघडलंय. तसंच ज्या मैत्रिणींनी मुलं लहान म्हणून नोकरी सोडली त्या, त्यांना तर वाटतं आपण इंजिनिअर राहिलोच नाही, त्यांना रियुनियनला यायची सुद्धा लाज वाटते. त्यांच्यातली एखादी आठवड्यातून एकदा सेकंड इयरच्या मुलांना गणिताला किंवा रिपोर्ट लिहायला मदत करू शकते, तिलाही त्याचा उपयोग होईल कदाचित परत कामाला लागताना. कामाला लागलीच पाहिजे असं नाही. पण विचारा तर खरं. आणि वर्कशॉपमधून रिटायर झालेले इन्स्ट्रक्टर, त्यांना तर आपण विसरूनच गेलोय, वेल्डिंगची बीड बघून मुलाला सांगायचे की हात घाईत होता.

एक नाजूक गोष्ट राहिली, शिष्यवृत्तीची. गरजू मुलाला फीला मदत करणं यासारखं दुसरं दान नाही, पण ते देताना त्याला स्टेजवर उभं करून, मोठा पुठ्ठ्याचा चेक हातात देऊन, समोर अख्खा वर्ग, आणि निवेदक माइकवर त्याच्या घरची परिस्थिती वाचून दाखवतोय, हे बंद करा कृपा करून. त्याच वर्गात त्याला अजून दोन वर्षं बसायचंय. देणाऱ्याला मुलाला भेटायची इच्छा असेल तर मुलाला विचारून, खासगीत. आणि फीएवढीच अचानक येणाऱ्या अडचणीची मदत लागते, वडील आजारी पडले, लॅपटॉप चोरीला गेला, परीक्षा फीची शेवटची तारीख उद्या आहे. त्यासाठी विभागप्रमुखांच्या हातात छोटा फंड असावा, दोन सह्यांत त्याच दिवशी पैसे मिळणारा. कमिटी, अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि पुढच्या महिन्यात बैठक, तोपर्यंत मुलगा घरी गेलेला असतो, आणि एकदा गेलेला नेहमी परत येतोच असं नाही.

आणि देणाऱ्यांनी बदल्यात काही मागू नये. हे लिहायला लागतंय याचंच वाईट वाटतं. भाच्याची ॲडमिशन, ओळखीच्याला कॅन्टीनचं कंत्राट, मुलांच्या प्रोजेक्टमधून आपल्या कंपनीचं काम फुकट करून घेणं, असं चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. जॉन्स हॉपकिन्सने माजी विद्यार्थ्यांच्या नातेवाइकांना ॲडमिशनमध्ये मिळणारं झुकतं माप हळूहळू बंद केलं आणि २०२० मध्ये तसं जाहीरही केलं, म्हणजे ज्या युनिव्हर्सिटीला माजी विद्यार्थ्याकडून एवढी मोठी देणगी मिळाली तिने हे केलं, त्यामुळे "असं केलं तर देणग्या बंद होतील" ही भीती जरा बाजूला ठेवायला हरकत नाही. पैसा कोणाचा आहे हे न बघता घेतला तर काय होतं तेही २०१९ मध्ये एमआयटीत दिसलं, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या जेफ्री एपस्टीनच्या देणग्यांवरून तिथल्या मीडिया लॅबच्या संचालकांना राजीनामा द्यावा लागला. कोणाकडून काय घ्यायचं आणि काय नाही हे कॉलेजने लिहून ठेवावं आणि सगळ्यांना वाचायला ठेवावं, म्हणजे नाही म्हणताना प्राचार्यांना एकट्याने वाईट व्हावं लागणार नाही.

कॉलेजवाल्यांना एवढंच सांगणं की प्रत्येक विभागाने सेमिस्टरच्या सुरुवातीला आपल्या गरजांची खरी यादी लावावी. काय तुटलंय, काय संपलंय, कुठल्या विषयाला तास देणारा माणूस हवा, कुठल्या मशीनचं कॅलिब्रेशन बाकी आहे, प्रत्येकासमोर रक्कम किंवा तास, आणि जे मिळालं ते खोडत जायचं. लाज वाटायचं कारण नाही. आम्ही त्याच तुटक्या प्रोबांवर शिकलोय, आम्हाला काय नवीन आहे. आणि लिंकवर दोनशे रुपये घ्यायची सोय करा बाबांनो.

संपादक साहेब, विनंती तुमच्याकडेही आहे. देणगीची बातमी तुम्ही पहिल्या पानावर छापता, फीत कापतानाचा फोटो असतो, छान असतं. त्याच लॅबमध्ये तुमचा वार्ताहर दोन वर्षांनी पुन्हा पाठवा, न सांगता, प्रॅक्टिकलच्या वेळेला. मशीन चालू असेल तर देणाऱ्याचं आणि चालवणाऱ्या टेक्निशियनचं, दोघांचंही नाव छापा. कव्हर चढलेलं असेल तर तेही छापा.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी, मेकॅनिकल